मनासारखे कॉलेज मिळाले नाही आणि घरात कोणी कोणाशी बोलत नाही

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. आम्ही इंदिरानगरला राहतो. यजमान अंबड एमआयडीसीतील एका कारखान्यात सुपरवायझर आहेत आणि मी घरी शिवणकाम करते. थोरली मुलगी यंदा बारावी झाली. बोर्डात तिला ८४ टक्के मिळाले, पण अभियांत्रिकी प्रवेशाच्या सीईटीत ९३.६ पर्सेंटाईलवर गाडी अडली. क्लासच्या सराव परीक्षांत ती नेहमी पहिल्या दहात असायची, त्यामुळे पुण्यात कॉम्प्युटरला नंबर लागणार असे आम्ही धरूनच चाललो होतो. यजमानांच्या मनात तर तिथले नावाजलेले सीओईपीच होते. त्यांना स्वतःला घरच्या परिस्थितीमुळे डिप्लोमावर थांबावे लागले होते. प्रवेशाच्या दुसऱ्या फेरीत मुलीला नाशिकमधल्याच एका कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन मिळाले. आमच्या यादीतला तो नववा पर्याय होता. यादी यजमानांनी रात्री जागून तयार केली होती आणि तिचा कागद अजून फ्रीजवर चिकटवलेला आहे.

त्या दिवसापासून यजमान तिच्याशी कामापुरतेही बोलत नाहीत. मला म्हणतात, तुझे लक्ष नव्हते. त्याच आठवड्यात जाऊबाईंच्या मुलाला मुंबईचे नावाजलेले व्हीजेटीआय मिळाले आणि घरच्या ग्रुपवर पेढ्यांचे फोटो आले. मुलगी ताट खोलीत नेते आणि अर्धे परत आणते. हॉस्टेलसाठी मे महिन्यातच मेन रोडवरून मोठी निळी बॅग आणली होती. ती पलंगाखाली आहे, तिच्यावरचे प्लास्टिकही काढलेले नाही. केर काढताना ती दिसली की मला रडू फुटते. मुलीसमोर हसून वागायला जमत नाही. यजमान म्हणतात, कर्ज काढू पण मॅनेजमेंट कोट्यातून पुण्याला घेऊ, नाहीतर एक वर्ष ड्रॉप. मुलगी म्हणते, तुम्ही ठरवा. आमचे काय चुकले? मी तिच्याशी काय बोलू?

— एक आई, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : तुमचे पत्र माझ्या हाती आले तेव्हा तिसऱ्या फेरीचे पर्याय भरायला चारच दिवस उरले होते, म्हणून त्यासंबंधीचे उत्तर तुम्हाला तेव्हाच कळवले होते. ते आणि त्या घाईत सांगायचे राहून गेलेले असे सगळे येथे एकत्र देत आहे, कारण जुलै-ऑगस्टमध्ये माझ्याकडे येणाऱ्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रांचा विषय हाच असतो आणि गंगापूर रोडपासून नाशिकरोडपर्यंत कितीतरी घरांत सध्या असाच अबोला आहे.

पत्र मी तीन वेळा वाचले. सीओईपी कोणाला हवे होते, यादी कोणी केली, रडू कोणाला येते, हे सगळे त्यात आहे. मुलीला काय हवे होते, हे मात्र एका ओळीतही आलेले नाही. तिचे म्हणून एकच वाक्य आहे, ‘तुम्ही ठरवा’. हे मी दोष देण्यासाठी लिहीत नाही. आपण आईवडील मुलांच्या प्रवेशात इतके गुंतून जातो, की आपले दुःख कोणते आणि त्यांचे कोणते, हे आपल्यालाच वेगळे काढता येत नाही. तुमच्या घरात आज एका निकालाच्या निमित्ताने निदान तीन दुःखे एकत्र झाली आहेत. यजमानांचे दुःख जुने आहे. ते डिप्लोमावर थांबले तेव्हाच सुरू झाले आणि आता मुलीच्या निमित्ताने पुन्हा वर आले. तुमच्या दुःखात निराशेपेक्षा आरोपाची जखम मोठी आहे. आणि मुलीच्या वाट्याला तिचे स्वतःचे अपयश तर आलेच, शिवाय आईबाबांना आपण दुखावले हे ओझेही आले. अर्धे ताट परत येते त्याचे कारण बहुधा हे दुसरे ओझे असावे. म्हणून पहिले काम हे, की तुम्हा दोघांचे दुःख तिच्या खोलीपासून दूर, तुमच्या दोघांत बोलले जावे. एखाद्या संध्याकाळी गोदाकाठी किंवा सोमेश्वरला दोघेच जा आणि यजमानांना त्यांच्या स्वतःच्या त्या वर्षाबद्दल विचारा. त्यांना काय हवे होते, घरी कोण काय म्हणाले, डिप्लोमाला नाव घातले तो दिवस कसा होता, हे त्यांनी आजवर कोणाला सविस्तर सांगितले असेल असे मला वाटत नाही.

आता ‘आमचे काय चुकले’ या प्रश्नाकडे येते. पर्सेंटाईल म्हणजे टक्के नव्हेत, आणि या एका गैरसमजामुळे दरवर्षी कितीतरी पालक स्वतःला आणि मुलांना छळतात. ९३.६ पर्सेंटाईलचा अर्थ असा, की परीक्षा दिलेल्या शंभरांपैकी सुमारे ९४ जण तिच्या बरोबरीने किंवा तिच्या मागे आहेत. त्याच वेळी, गणित गटाची परीक्षा चार लाख मुलांनी दिली असे हिशेबापुरते धरले, तर उरलेले ६.४ टक्के म्हणजे २५ हजारांहून अधिक मुले तिच्या पुढे असतात, आणि सीओईपीतील कॉम्प्युटरचा खुल्या गटातील कटऑफ ९९ च्याही पुढच्या दशांशांत खेळतो. क्लासमधला पहिला दहातला क्रमांक त्या वर्गापुरता खरा होता. राज्याची रांग त्यात दिसत नव्हती. नव्वद मिनिटांत गणिताचे पन्नास प्रश्न आणि तेवढ्याच वेळात भौतिक व रसायनशास्त्राचे मिळून शंभर प्रश्न, अशा एका दिवसाच्या परीक्षेत चार-पाच प्रश्न इकडचे तिकडे झाले तरी हजारोंनी क्रमांक सरकतो. मुलीने अभ्यास केला नाही किंवा तुम्ही लक्ष दिले नाही, असा निष्कर्ष या आकड्यांतून निघत नाही. हा हिशेब यजमानांपुढे कागदावर मांडा. कारखान्यात रोज आकड्यांशी काम करणाऱ्या माणसाला तो माझ्या सांत्वनापेक्षा लवकर पटेल.

मुलीशी काय बोलावे, यापेक्षा तिच्या कानावर काय पडते, याकडे आधी पाहा. मी नाशिकच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात ३१ वर्षे रसायनशास्त्र शिकवले, दर जूनला शेकडो पालकांना धीर दिला, आणि माझ्या स्वतःच्या मुलाचा मनासारखा प्रवेश हुकला तेव्हा मात्र आठ दिवस दिवाणखान्यातल्या फोनवर प्रत्येक नातेवाइकाला ‘जरा कमी पडला हो’ असे सांगत राहिले. त्याच्या खोलीचे दार बंद होते, पण भिंत एकच होती. पुढे नोकरीला लागल्यावर, एकदा जेवताना, त्याने ते वाक्य माझ्याच सुरात मला म्हणून दाखवले. कॉलेज हुकल्याचे त्याला फारसे आठवत नव्हते. ते वाक्य आठवत होते. आजही ते लिहिताना मला त्रास होतो. तेव्हा नातेवाइकांचे फोन गच्चीवर घ्या, आणि काय सांगायचे ते मुलीला विचारून ठरवा. ‘तिला नाशिकमध्ये प्रवेश मिळाला आहे, पुढची फेरी बाकी आहे’ एवढे एक वाक्य पुरेसे असते. राखीपौर्णिमेला घर भरेल तेव्हा हेच वाक्य यजमानांच्याही तोंडी असले पाहिजे. पुतण्याचे अभिनंदन मनापासून करा, मुलीलाही करावेसे वाटले तर करू द्या, पण तिला पेढे घेऊन पुढे ढकलू नका.

तिच्याशी बोलताना दोन टोके टाळावीत. ‘मोबाईल कमी पाहिला असतास तर’ हे एक टोक झाले. दुसरे टोक ‘काही बिघडत नाही, जे होते ते चांगल्यासाठीच’ हे आहे, आणि तेही तितकेच जड पडते, कारण तिच्या दृष्टीने बिघडलेले आहे आणि ते मान्य न केल्यास ती आपल्याशी पुढे बोलतच नाही. ‘तुला वाईट वाटते आहे, मलाही वाटले, पण मला तुझा राग आलेला नाही’ असे साधे बोलावे आणि गप्प बसावे. ती लगेच बोलेल असे नाही. शिलाई मशीनवर तुमच्या शेजारी येऊन बसली, काजे करायला लागली, तरी संभाषण सुरू झाले असे समजा. तिच्यासमोर हसून वागायला जमत नाही, असे तुम्ही लिहिता. ते जमवण्याची गरजच नाही. खोटे हसू मुलांना लगेच कळते, आणि आई रडली तरी चालते. आई माझ्यामुळे रडते, असे मात्र तिला वाटू नये.

यजमानांचा अबोला मात्र एक दिवसही लांबू देऊ नका. वडिलांनी मोठे भाषण करण्याची आवश्यकता नाही. कारखान्यातून येताना तिला आवडते ते घेऊन यावे, ‘चल, फेरीचे नियम एकदा मला समजावून सांग’ म्हणावे, आणि फ्रीजवरचा तो कागद स्वतःच्या हाताने काढावा.

नियमांचे येथे मुद्दाम सांगते, कारण त्यांचा मनःस्थितीशी थेट संबंध आहे. सध्याच्या नियमांनुसार दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन पर्यायांपैकी एखादा मिळाला तर तो घ्यावाच लागतो, आणि तिसऱ्या फेरीत ही सक्ती पहिल्या सहा पर्यायांना लागू होते. ती जागा नाकारली तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर पडावे लागते. तुमच्या मुलीला नववा पर्याय मिळाला, म्हणजे ती जागा एक हजार रुपये भरून हातात ठेवायची आणि बेटरमेंटसाठी, म्हणजे यादीतला वरचा पर्याय मिळवण्यासाठी, पुढे जायचे, हा मार्ग खुला होता. परंतु वरचा पर्याय मिळाला की आधीची जागा आपोआप सुटते. म्हणूनच तिसऱ्या फेरीच्या यादीत पहिल्या सहांत तेच घालावे, जे मिळाले तर मुलगी खरोखर आनंदाने जाईल. केवळ नाव मोठे आहे म्हणून किंवा शेजारी काय म्हणतील म्हणून काहीही नको. ही यादी या वेळी मुलीने स्वतः करावी, आईबाबांनी शेजारी बसून फक्त विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे द्यावीत. ‘तुम्ही ठरवा’ म्हणणाऱ्या मुलीला पुन्हा बोलते करण्याचा याहून चांगला उपाय मला माहीत नाही. शाखा महत्त्वाची की कॉलेज, घरून बसने जायचे की हॉस्टेलला राहायचे, हे तिने कागदावर लिहिले म्हणजे तिचे मन तिलाही दिसेल. सीईटी कक्षाची माहितीपुस्तिका तिनेच वाचावी आणि फेरीच्या तारखा तिच्याच हस्ताक्षरात भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहाव्यात.

मॅनेजमेंट कोट्याविषयी माझे मत स्पष्ट आहे : कर्ज काढून, मुलीच्या इच्छेचा पत्ता नसताना, हे करू नका. कायद्याने पाहिले तर या जागांसाठीही शुल्क नियामक प्राधिकरणाने ठरवलेल्या शुल्काखेरीज देणगीच्या नावाने रक्कम मागणे हा १९८७ च्या राज्य कायद्यानुसार गुन्हा आहे. पावती न देता रोख मागणाऱ्या कोणाही मध्यस्थाच्या फोनला उत्तर देऊ नये. शिवाय एक गोष्ट फार थोड्या पालकांच्या लक्षात येते. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे. पण ही सवलत कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश, फेरीतून मिळालेल्या प्रवेशालाच लागू होते, मॅनेजमेंट कोट्याला नाही. तुमचे कुटुंब यात बसत असेल, तर नाशिकची ही जागा सोडून पुण्याला जाण्याची किंमत चार वर्षांच्या शुल्काची आहे. तेवढ्या कर्जाचा हप्ता घरात बसला की प्रत्येक सेमिस्टरच्या निकालावर पुन्हा त्याच तणावाची छाया पडते.

ड्रॉपबद्दल इतका ठाम नकार मी देणार नाही. सीईटी पुन्हा देता येते, जेईई मेन बारावीच्या वर्षापासून सलग तीन वर्षे देता येते. पण मुलगी स्वतःहून, कोणी सुचवल्याशिवाय, पुन्हा बसायचे म्हणते का, आणि या वेळी नेमके काय कमी पडले ते तिला सांगता येते का, हे पाहावे. परीक्षेच्या दिवशी ताप होता, गणिताचा वेग कमी पडला, असे काही तिने नेमके सांगितले तर विचार करावा. वडिलांचे मन राखण्यासाठी घेतलेले ड्रॉपचे वर्ष मी अनेक विद्यार्थ्यांच्या बाबतीत जवळून पाहिले आहे; ऑक्टोबरपर्यंत मैत्रिणी दुसऱ्या गावी रुळलेल्या असतात आणि आपली मुलगी त्याच खोलीत तीच पुस्तके घेऊन बसलेली असते.

मिळालेल्या शाखेकडेही एकदा नीट पाहा. इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनमध्ये मायक्रोप्रोसेसर, सिग्नल, एम्बेडेड प्रणाली यांच्या जोडीला प्रोग्रॅमिंगही असते, आणि सातपूर-अंबडचे विद्युत व वाहन उद्योग आणि ओझरचा विमान कारखाना ज्या शहराच्या हाकेच्या अंतरावर आहेत, तेथे या विषयाला काम नाही असे म्हणवत नाही. पहिल्या वर्षाच्या गुणांवर, जागा रिकामी असल्यास, शाखा बदलण्याची वाट असते. तिसऱ्या वर्षापासून गेट ही पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा देता येते आणि त्या गुणांवर आयआयटीतील एम.टेक.चा दरवाजा कोणत्याही कॉलेजच्या विद्यार्थ्याला उघडतो. हे तिला आज ऐकवू नका. आज ते सांत्वन वाटेल. तिने विचारले म्हणजे सांगा.

एक गोष्ट काळजीने सांगते. जेवण अर्धवट राहणे काही दिवस चालेल, पण दोन आठवड्यांनंतरही झोप लागत नसेल, मैत्रिणींचे फोन घेत नसेल, किंवा ‘मी नसते तर बरे झाले असते’ अशा अर्थाचे काही बोलली, तर ते हट्ट किंवा नाटक समजू नका. तिला एकटे न ठेवता मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. शासनाची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मिळते, मराठीतही बोलता येते, आणि पालकांनीही तेथे फोन करावा.

राहता राहिली निळी बॅग. ती लपवू नका आणि परतही करू नका. एखाद्या दिवशी मुलीलाच विचारा की तिचे काय करू या. माझ्या मते ती प्लास्टिक काढेल आणि जर्नल, एप्रन, ड्रॉइंगचे साहित्य असे काहीतरी तिच्यात भरून ठेवेल. कदाचित काहीच करणार नाही. दोन्ही चालेल. फक्त केर काढताना तुम्हाला ती एकट्याने पाहावी लागणार नाही.

प्रश्न : मी सिन्नर तालुक्यातला शेतकरी आहे. मुलाने दोनदा नीट दिली, एमबीबीएस मिळाले नाही. बीएएमएस मिळू शकते. त्याची इच्छा आहे, पण मला वाटते तिसऱ्यांदा द्यावी. गावात सगळ्यांना मीच सांगून ठेवले होते की डॉक्टर होणार. आता पारावर जायचे मी सोडले आहे. काय करावे?

— एक वडील, ता. सिन्नर

उत्तर : तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तुम्हीच लिहिले आहे : ‘त्याची इच्छा आहे’. नीट कितीदा द्यावी यावर मर्यादा नाही, म्हणून तिसरा प्रयत्न नियमात बसतो. पण दोन वर्षे घरात बसून पुस्तके वाचलेल्या मुलाने आपणहून एक मार्ग निवडला असेल, तर त्याला पुन्हा त्याच परीक्षेकडे ढकलण्यात मला धोका अधिक दिसतो. बीएएमएस हा एक वर्षाच्या आंतरवासितेसह साडेपाच वर्षांचा पूर्ण पदवी अभ्यासक्रम आहे. तो नीटच्या गुणवत्तेवरच मिळतो, आणि त्याची परीक्षा घेणारे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ म्हसरूळला, आपल्याच जिल्ह्यात आहे. त्या मुलाने ती जागा मेहनतीने मिळवलेली असेल. कोणी भीक घातलेली नव्हे. प्रवेशाआधी एकदा त्याच्यासोबत ते कॉलेज आणि त्याला जोडलेले रुग्णालय पाहून या, ओपीडीत रुग्ण किती येतात, शिकवणारे कोण आहेत हे स्वतः विचारा. इमारत पाहून ठरवू नका.

गावाबद्दल तुमचा संकोच मी समजू शकते. शब्द तुम्ही दिला होता, म्हणून तो फिरवण्याचे कामही तुमचेच आहे, मुलाचे नाही. उद्या सकाळी पारावर जा. कोणीतरी विचारेलच. ‘एमबीबीएसला नंबर लागला नाही, पोरगा आयुर्वेदाला जातोय, त्याच्या पसंतीने’ असे तुम्हीच, तो शेजारी नसताना, सांगून टाका, म्हणजे बाजाराच्या दिवशी सिन्नरला त्याला भेटेल त्याला खुलासा करत फिरावे लागणार नाही.